मोटारवेड्या संपादकाची साक्ष

ज्याला एखाद्या गोष्टीचे वेड आहे, त्याने त्या गोष्टीचा न्यायनिवाडा करू नये, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वेड्या माणसाला आपल्या आवडत्या वस्तूचे दोष दिसत नाहीत आणि दिसले तरी ते चारचौघांत बोलून दाखवणे त्याच्या जिवावर येते, असे मानले जाते. त्यातून तो छंदच उपजीविकेचे साधन बनला आणि ती उपजीविका पुन्हा त्या वस्तूच्या उत्पादकांच्या जाहिरातींवर अवलंबून असली, तर निःपक्षपाती मताची अपेक्षा कोण करील? ब्रिटनमधील मोटार-पत्रकार विल्यम बॉडी यांचे दीर्घ आयुष्य या समजुतीला उत्तर देणारे आहे.

बॉडी यांचा जन्म १९१३ सालचा. १९३० मध्ये, विशीही गाठलेली नसताना, त्यांचा पहिला लेख ‘मोटर स्पोर्ट’ या मासिकात प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये ते त्या मासिकाचे संपादक झाले आणि १९९१ पर्यंत, म्हणजे तब्बल ५५ वर्षे, त्यांनी ती धुरा वाहिली. संपादकपद सोडल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही. जुलै २०११ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी ते निवर्तले, तोवर ते त्याच मासिकात लिहीत होते. एका नियतकालिकाशी ८१ वर्षे टिकलेले असे लेखकाचे नाते जगाच्या पत्रसृष्टीत क्वचितच सापडेल.

ब्रुकलँड्सचा संस्कार

या वेडाचे मूळ लंडनजवळच्या ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मार्गात होते. १९०७ मध्ये सुरू झालेला हा मार्ग खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला जगातील पहिला मार्ग होय. त्या काळी ब्रिटनच्या सार्वजनिक रस्त्यांवर ताशी २० मैलांची वेगमर्यादा होती. ती १९३० पर्यंत कायद्यात राहिली. साहजिकच वेगाची हौस आणि यंत्राची कसोटी या दोहोंसाठी ब्रुकलँड्सखेरीज जागा नव्हती. सुमारे पावणेतीन मैलांच्या त्या काँक्रीटच्या उतरत्या वळणांवर कारखानदार, धनिकांची मुले आणि पदरमोड करून गाड्या बांधणारे कारागीर एकत्र येत. ‘मोटर स्पोर्ट’चा जन्मही १९२४ मध्ये ‘ब्रुकलँड्स गॅझेट’ या नावानेच झाला होता.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये तेथे शेवटची शर्यत झाली. महायुद्धात ती जागा विमानांच्या निर्मितीसाठी गेली आणि शर्यती पुन्हा कधीच भरल्या नाहीत. बॉडी यांनी मात्र ब्रुकलँड्सला विस्मृतीत जाऊ दिले नाही. कोणत्या वर्षी कोणती गाडी कोणी चालवली, तिचे इंजिन कोणते होते, ती कोठे मोडली, याची बारीकसारीक नोंद त्यांनी केली आणि त्या मार्गाचा सविस्तर इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला. आज त्या क्षेत्राच्या अभ्यासकाला या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही.

युद्धकाळात मोटारविषयक मासिक चालवणे हा तर विरोधाभासच होता. शर्यती बंद, नव्या गाड्यांचे उत्पादन बंद, आणि १९४२ पासून खासगी मोटारवाल्यांना मिळणारा पेट्रोलचा साधा वाटाही बंद. सरकारी काम सांभाळून बॉडी यांनी या दिवसांतही अंक निघत राहतील असे पाहिले. नवे काही घडत नसल्यामुळे पाने भरली ती जुन्या गाड्यांच्या आठवणींनी आणि वाचकांच्या पत्रांनी. भंगारात जाऊ पाहणाऱ्या अनेक जुन्या मोटारी जतन करण्याची जी चळवळ ब्रिटनमध्ये पुढे फोफावली, तिला या पानांतून मोठे बळ मिळाले.

स्वस्त गाडीचा सन्मान

मोटारवेड म्हटले की श्रीमंती थाट डोळ्यांपुढे येतो. बॉडी यांच्या आस्थेची कक्षा याहून मोठी होती. १९२२ मध्ये बाजारात आलेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली गाडी ब्रिटनमधील मध्यमवर्गाची पहिली मोटार होती. इंजिन जेमतेम ७४७ घनसेंटिमीटरचे. या गाडीच्या हौशी मालकांसाठी १९३९ मध्ये जो ‘७५० क्लब’ निघाला, त्याच्या स्थापनेत बॉडी यांचा पुढाकार होता. बेताची मिळकत असलेल्या तरुणाने जुनी ऑस्टिन विकत घ्यावी, ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी आणि शर्यतीत उतरावे, ही त्यामागची कल्पना. ‘लोटस’ मोटारींचे जनक कॉलिन चॅपमन यांची पहिली गाडी अशाच एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी राहिली होती. कसब भांडवलाची वाट पाहत थांबत नाही, हे त्या क्लबच्या इतिहासातून दिसते.

फोक्सवॅगनचा वाद

बॉडी यांच्या सचोटीची खरी परीक्षा झाली ती १९५० नंतरच्या दशकात. युद्ध संपताच जर्मनीतील वुल्फ्सबर्गचा फोक्सवॅगन कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला होता. तेथील गाडी तपासून ब्रिटिश मोटार उद्योगातील जाणत्यांनी ती निरुपयोगी ठरवली. जर्मनांकडे परत गेलेल्या त्या कारखान्याची गाडी १९५३ पासून ब्रिटनमध्ये रीतसर विकली जाऊ लागली. इंजिन मागे, ते हवेने थंड होणारे, रेडिएटरचा पत्ता नाही आणि रूप एखाद्या किड्यासारखे! बॉडी यांनी ती कामासाठी वापरली आणि आपला अनुभव लिहिला: गाडीची बांधणी चोख आहे, ती दगा देत नाही, आणि ब्रिटिश कारखानदारांनी तिच्याकडून शिकावे असे बरेच काही तिच्यात आहे.

युद्धाच्या जखमा ताज्या असताना एका इंग्रज संपादकाने जर्मन गाडीची स्तुती करावी, हे अनेकांना रुचले नाही. उद्योगात नाराजी पसरली; अनुकूल आणि प्रतिकूल पत्रांचा वर्षाव झाला. बॉडी यांनी मत बदलले नाही. त्यांचे प्रेम मोटारीवर होते, म्हणूनच वाईट बांधणीच्या गाडीला केवळ ती स्वदेशी आहे एवढ्यावरून चांगली म्हणणे त्यांना जमले नाही.

या प्रसंगाची आर्थिक बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. १९५० मध्ये जगातील एकूण मोटार-निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक वाटा ब्रिटनचा होता. परकीय चलनासाठी सरकारने निर्यातीवर भर दिला होता आणि पोलादाचे वाटपही त्याच धोरणाने होत असे. देशातील ग्राहकाला नव्या गाडीसाठी दीर्घकाळ तिष्ठावे लागे. गाडी मिळालीच तर ठरावीक मुदतीत ती परत विकणार नाही, असे लिहून द्यावे लागे. कारण हातात पडताच ती जादा दराने विकता येत असे. अशा विक्रेत्याच्या बाजारात मालातील उणिवा दाखवणारा टीकाकार उत्पादकाला उपद्रवी वाटतो. जे बनेल ते खपत असताना सुधारणेची निकड कोणाला? परंतु टंचाई ओसरली आणि दशक संपण्यापूर्वीच पश्चिम जर्मनीने निर्यातीत ब्रिटनला मागे टाकले. ब्रिटिश कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या. १९७५ मध्ये ‘ब्रिटिश लेलँड’ सरकारला ताब्यात घ्यावी लागली. तिकडे १९७२ मध्ये त्याच ‘निरुपयोगी’ फोक्सवॅगनने फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा दीड कोटी गाड्यांचा विक्रम मोडला. या ऱ्हासाला व्यवस्थापन, कामगार-संबंध, सरकारी धोरण अशी अनेक कारणे होती. तथापि धोक्याची सूचना वेळीच आणि घरच्याच माणसाकडून मिळाली होती, हे नाकारता येणार नाही.

आपल्याकडील प्रतिध्वनी

भारतीय वाचकाला ही कथा परकी वाटू नये. याच ब्रिटिश उद्योगाची ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ ही गाडी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘अँबॅसडर’ होऊन भारतात आली आणि किरकोळ फेरफारांसह २०१४ पर्यंत तयार होत राहिली. परवाना-नियंत्रणाच्या काळात मोटारीसाठी आणि स्कूटरसाठीही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणे मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडले होते. गाडी हाती येताच ती जादा किमतीला विकणारे येथेही होते. अशा बाजारात परीक्षणाला किंमत ती कितीशी असणार? निवड करण्यास वाव नसेल, तर गुणदोषांची चर्चा म्हणजे वाया गेलेली शाईच. १९८३ मध्ये मारुतीची गाडी रस्त्यावर आली आणि त्यानंतर बाजार जसजसा खुला झाला, तसतसा आपल्याकडेही मोटार-परीक्षणाला वाचक मिळत गेला, हा योगायोग म्हणता येणार नाही.

मालाविषयी विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला ठाऊक नसते, आणि या विषमतेमुळे चांगला मालही बाजारातून हटतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींचेच उदाहरण घेऊन मांडले. पुढे २००१ मध्ये ते अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ती दरी बुजवण्याचे काम प्रामाणिक परीक्षक करतो. त्याचे एक मत हजारो ग्राहकांची पुंजी वाचवते. मात्र त्याचा मोबदला त्याला अंकाच्या किमतीपलीकडे मिळत नाही.

बॉडी यांच्या दृष्टीलाही मर्यादा होत्या. जगाकडे ते चालकाच्या आसनावरून पाहत. पादचाऱ्याची भीती, शहरांतील कोंडी आणि धूर यांचा हिशेब त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी कधी नव्हता. वाहनांवरील निर्बंधांकडेही ते संशयानेच पाहत. आजच्या काळात मोटारीवर लिहिणाऱ्याला एवढ्यावर भागवता येणार नाही.

तरीही १९९१ मध्ये बॉडी यांनी संपादकाची खुर्ची सोडली, त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या जागेवरील संग्रहालय जनतेला खुले झाले, ही गोष्ट अर्थपूर्ण वाटते. तेथे जतन केलेल्या गाड्या पाहता येतात. त्या गाड्या घेणाऱ्याला काय सोसावे लागले आणि काय लाभले, हे जाणून घेण्यासाठी मात्र ‘मोटर स्पोर्ट’चे जुने अंकच उघडावे लागतात. लेखाखाली ‘डब्ल्यू. बी.’ एवढीच अक्षरे आढळली, तरी मजकूर विकत घेतलेला नाही, अशी खात्री त्या मासिकाच्या वाचकाला वाटत असे.