शेजारचे मांजर आणि आपले अंगण

पावसाळ्याआधी वस्तीत घरकुलांची घाई असते. रमाई आवास योजनेतून कुणाच्या भिंती उभ्या राहत असतात, दारात रेतीचा ढीग पडलेला असतो. दिवसभर मुले त्या ढिगावर खेळतात. रात्री शेजारचे मांजर तिथेच येते, खड्डा करते, घाण करते, वर रेती ओढते आणि निघून जाते. सकाळी मुलांचे हात पुन्हा त्याच रेतीत! आमच्या दारात हेच झाले. "तुमचं मांजर बांधून ठेवा" एवढ्या एका वाक्यावरून दोन घरांचे बोलणे चार दिवस बंद राहिले.

मांजर काही बांधून राहणारे जनावर नाही. कर्जत-खालापूरच्या आपल्या वस्त्यांत घराला घर लागून असते, मध्ये धड कुंपणही नसते. म्हणून मांजराला आवरण्यापेक्षा आपले अंगण आवरणे सोपे. ते कसे, हे या वेळी पाहू.

धोका कशाचा?

काही मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण बाईला गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा होऊ शकते. हा परजीवी विष्ठा पडल्या पडल्या लागत नाही. त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली की धोका पुष्कळ कमी होतो. ओल्या मातीत मात्र तो वर्षभरही टिकतो. अनवाणी खेळणाऱ्या मुलांना अशा मातीतून जंतांचीही बाधा होते.

याचा अर्थ मांजर दिसले की घाबरावे असा नाही. लागण झालेले मांजरही साधारण दोन-तीन आठवडेच हा परजीवी बाहेर टाकते. कच्चे राहिलेले मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही तो पोटात जातो.

अंगणात काय करावे?

मांजराला भुसभुशीत, कोरडी माती किंवा रेती लागते. ती मिळाली नाही की ते दुसरी जागा शोधते.

- रेतीचा ढीग रोज संध्याकाळी ताडपत्रीने झाका, कडेला दगड ठेवा.
- परसातल्या वाफ्यावर बी पेरल्यावर बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या ठेवा किंवा कोंबड्यांची जाळी आडवी पसरा. रोप वर येते, पण मांजराला उकरता येत नाही.
- एकदा घाण केलेल्या जागी वास राहतो, त्या वासाने ते पुन्हा येते. हाताला पिशवी बांधून घाण मातीसकट उचला, विहीर-बोअरिंगपासून दूर खोल पुरा. त्या जागेवर उकळते पाणी ओता. हे काम गरोदर बाईला देऊ नका. नंतर हात साबणाने धुवा.
- सुकट, बोंबील वाळत घालताना वर जाळी ताणा. मासळी साफ केलेले पाणी आणि काटे दारात टाकू नका. मांजर बहुतेक वेळा वासानेच येते.
- भाजी, कोथिंबीर खळखळून धुवा. पाण्याची भांडी झाकून ठेवा.

काय करू नये?

डांबरगोळ्या, फिनेल, मिरचीपूड अंगणात टाकू नका. डांबरगोळी लहान मूल गोळी समजून तोंडात घालते. फिनेल मांजराच्या पंजाला लागते आणि चाटल्यावर त्याला विषबाधा होते. उंदराचे औषध कालवून ठेवणे तर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला विष घालून मारल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

कायदा नसता तरी पंचशीलातले पहिले शील आपल्याला आहेच. आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी पिऊन माणसाचा हक्क बजावला. तो लढा जनावरांना हाकलण्यासाठी नव्हता.

शिवाय मांजर उंदीर धरते हे विसरू नका. लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो आणि भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्या पायांना त्याचा धोका असतो.

मांजर चावले, ओरबाडले तर

मांजरामुळेही रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकचे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जवळ असेल तिथे जा. लशीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना घ्या. जखम भरली म्हणून मधला डोस चुकवू नका. एकदा रेबीजची लक्षणे दिसू लागली की त्यावर इलाज उरत नाही.

शेजाऱ्याशी बोलताना

घाण हातात घेऊन त्याच्या दारात जाऊ नका. विहारात चारचौघांत विषय काढू नका. राग शांत झाल्यावर, संध्याकाळी चहाच्या वेळी जा आणि "आमची सून गरोदर आहे, म्हणून काळजी वाटते" असे खरे कारण सांगा. मग तीन गोष्टी मागा: मांजराला खाणे ठरलेल्या वेळी त्यांच्याच घरात द्यावे, त्यांच्या परसात एका कोपऱ्यात मातीची जागा सोडावी, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस व नसबंदीची चौकशी करावी. बोके रात्री भांडतात, दारावर मुततात, ते नसबंदीने बरेच कमी होते.

आमच्याकडे शेवटी तसेच ठरले. रेतीवर ताडपत्री आम्ही टाकली, कोपऱ्यातली माती शेजाऱ्यांनी रिकामी केली. मांजर अजून येते, पण ओट्यावर ऊन खाऊन जाते. पोरांची रेती आता स्वच्छ आहे आणि दोन्ही घरांचे बोलणे चालू आहे.