ओल्या स्लीव्हच्या रबरी वलयांचे वंगण
१९६३ साली आलेल्या जॉन डिअर ४०२० सारख्या ट्रॅक्टरच्या एंजिनातील स्लीव्ह ‘ओली’ असते. म्हणजे तिच्या बाह्यांगास थंडाव्याचे पाणी प्रत्यक्ष भिडते. हे पाणी खालच्या तेलात मिसळल्यास बेअरिंगांचा नाश ओढवतो. त्यास अटकाव करणारी रबरी वलये कोरडी बसविल्यास पिळवटतात वा कापली जातात. म्हणून वंगण अवश्य होय. परंतु त्याची निवड रबराच्या जातीवर अवलंबून असते. नायट्राइल रबरास खनिज तेल मानवते. एथिलीन-प्रॉपिलीन रबर मात्र त्यात फुगते. दाबाने रबराचे घनफळ जवळजवळ घटत नाही. त्यामुळे खाच भरल्यावर फुगलेले वलय स्लीव्हलाच आत रेटते, तिची वर्तुळाकृती बिघडते व दट्ट्या घासू लागतो. सारांश, रबराची जात अज्ञात असता तेलापेक्षा साबणाचे पाणीच श्रेयस्कर होय.