घसाऱ्याला आलेला भाव

पेशवाईत रुपया म्हणजे एकच एक नाणं नव्हतं. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना रुपये मुलखात फिरत. कोणता रुपया किती बट्ट्यानं घ्यायचा, हे पोतदार ठरवी. पोतदार हा नाणेपारखी, बहुधा सोनार. तो नाणं तोले, वाजवून पाही आणि झिजलेलं असेल तर किंमत उतरवी. १८३५ मध्ये कंपनी सरकारनं विल्यम चौथ्याच्या मुखवट्याचा एकसारखा रुपया काढला. त्याच सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या जमीनमोजणीला हात घातला. सारा नवा झाला, रुपयाही नवा झाला आणि बट्ट्याचा धंदा हळूहळू बसला.

आता उलटी गंगा वाहते आहे. मोबाइलवर ‘रेअर’, ‘एरर’, ‘डबल डाय’ असं लिहून एक-दोन रुपयांची नाणी शेकड्यांत आणि हजारांत विकायला ठेवलेली दिसतात. फोटोत ‘भारत’ ही अक्षरं दुहेरी भासतात, एवढाच पुरावा. पुष्कळदा ते दुहेरीपण म्हणजे ठशाचा घसारा असतो. ज्याला पोतदारानं बट्टा लावला असता, त्याच्यावरच आज अधिमूल्य मागितलं जातं.

खरा दुहेरी ठसा कसा होतो, हे कळल्याशिवाय खोटा ओळखता येत नाही. यंत्रावरच्या टांकसाळीत मूळ उठावाच्या पोलादी तुकड्यानं, म्हणजे हबनं, मऊ पोलादावर दाब देऊन ठसा तयार करतात. पूर्वी एका दाबात पुरतं चित्र उमटत नसे. ठसा तापवून पुन्हा मऊ करायचा आणि दुसरा दाब द्यायचा. दोन दाबांच्या मध्ये ठसा केसभर फिरला, तर चित्र ठशातच दोनदा कोरलं जातं. मग त्या ठशातून पडणारं प्रत्येक नाणं, पहिलं असो की शेवटचं, सारखंच दुहेरी. रबरी शिक्काच दुहेरी अक्षरांचा बनला, तर तलाठ्याचा हात कितीही स्थिर असला तरी प्रत्येक दाखल्यावर तीच चूक उमटणार. हात हलून एका दाखल्यावर अक्षर फरफटलं, तर ती गोष्ट वेगळी.

जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं, फिलाडेल्फिया टांकसाळीतलं १९५५ चं एक सेंटचं नाणं. त्यावरचं साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतात. चूक लक्षात येईपर्यंत ही नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती आणि सुमारे २० ते २४ हजार नाणी बाहेर गेली. आज एकेकाला हजार डॉलरहून अधिक मिळतात. त्याच वर्षाचं आणखी एक नाणं आहे, ज्यात सालातला शेवटचा ५ तेवढा दुहेरी वाटतो. कारण साधं आहे: ठसा झिजलेला होता. संग्राहक त्याला ‘गरिबाचा दुहेरी ठसा’ म्हणतात आणि ते चिल्लर भावात मिळतं. अस्सल १९५५ चीही नक्कल होते. म्हणून जाणकार मागच्या बाजूला ‘सेंट’ या इंग्रजी शब्दातल्या टी अक्षरालगतचे बारीक ओरखडे तपासतात. ते ओरखडे त्या ठशाचेच आहेत.

इंग्रजी पुस्तकं अक्षराच्या टोकांना पडलेली खाच बघायला सांगतात. आपल्या नाण्यावर तेच काम शिरोरेषा करते. दहापट भिंगाखाली ‘भारत’ किंवा ‘रुपया’ या शब्दाचं डावं-उजवं टोक पाहावं. ठसा खरंच दुहेरी असेल तर टोकाला खाच दिसते, दोन रेषांच्या मध्ये बारीक दरी असते, दोन्ही रेषा तितक्याच गोल उठावाच्या असतात आणि एकूण अक्षर रुंद होतं. ठसा झिजलेला असेल तर शिरोरेषा सुजल्यासारखी, कडेकडे ओघळलेली दिसते. आसपासचा गुळगुळीत भागही संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झालेला असतो. स्टीलसारखा कठीण धातू ठशाला लवकर खातो, त्यामुळे १९९२ पासूनच्या स्टीलच्या एक रुपयांत हा प्रकार दिसला तर नवल नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. नाणं पाडताना ठसा सैल असला तर घाव बसताच तो किंचित सरकतो आणि अक्षराची कड दाबून सपाट करतो. कडेला पायरीसारखा चकचकीत पट्टा दिसतो, पण अक्षर रुंद होण्याऐवजी अरुंद होतं. दुसरं अक्षर वाढलेलं नसतं, पहिल्याचाच एक भाग चेपलेला असतो. तिरक्या उजेडात काढलेल्या फोटोत ही पायरी अशी चमकते की नवखा माणूस हमखास फसतो.

शिवराईच्या बाबतीत तर ‘डबल डाय’ हा शब्दच लागू पडत नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं असलेला हा तांब्याचा पैसा हातोड्याच्या घावानं पाडलेला. हब ही भानगडच नव्हती. ठसे हातानं कोरलेले, म्हणून अक्षरांत आणि ऱ्हस्व-दीर्घात शेकडो भेद आहेत आणि अभ्यासाची खरी मजा तिथे आहे. घाव दोनदा बसून अक्षरं दुहेरी झाली, तर तो कारागिराच्या हाताचा रोजचा प्रकार. ‘डबल डाय शिवराई’ अशी जाहिरात दिसली की विक्रेत्याला नाण्यांतलं काही कळत नाही किंवा फार कळतं, दोहोंपैकी एक खरं.

खरेदीपूर्वी दोन वेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो मागावेत. पायरीची चमक उजेडाबरोबर जागा बदलते, खाच बदलत नाही. वजनही विचारावं: १९९२ चा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, तांबे-निकेलचं पाच रुपयांचं जुनं नाणं ९ ग्रॅमचं. आणि मुख्य प्रश्न असा, की याच ठशाचं, अगदी अशाच खुणेचं दुसरं नाणं कुठे आहे? ठसाच दुहेरी असेल तर जोडीदार असणारच.

विकणाऱ्यांना गाठणारी फसवणूक वेगळी. घरातल्या डब्यातलं नाणं लाखांत घेतो म्हणायचं आणि आधी ‘नोंदणी शुल्क’ भरायला लावायचं. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून हे चालू झालं, तेव्हा बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही, शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तिनं त्यासाठी कुणालाही नेमलेलं नाही.