मानसशास्त्रातील उमेदवारी

पूर्वी कचेरीत नेमणूक होण्याआधी काही महिने बिनपगारी काम करावे लागे. त्यास ‘उमेदवारी’ म्हणत. अमेरिकेत मानसशास्त्राची पीएच.डी. करू इच्छिणारे अनेक विद्यार्थी आजही अशीच उमेदवारी करतात. मात्र ती कचेरीत नव्हे, प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत.

ज्यास रुग्णांच्या मनावर उपचार करावयाचे, त्यास संशोधन कशाला, असे कोणीही विचारील. १९४९ साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने, अशा मानसशास्त्रज्ञाने उपचारक व्हावे तसेच संशोधकही व्हावे, असा आदर्श घालून दिला. म्हणून प्रवेश देताना संशोधनाचा अनुभव पाहिला जातो. जागा थोड्या आणि अर्ज फार. तेव्हा विद्यार्थी एका वेळी दोन-तीन प्रयोगशाळांत नावे घालतात.

तेथील काम दिसावयास साधे असते. प्रयोगास येणाऱ्यांच्या वेळा ठरविणे, प्रश्नावल्या भरून घेणे, ध्वनिमुद्रित मुलाखती उतरून काढणे, आकडे संगणकात भरणे. परंतु पेंगुळलेल्या हाताने एक रकाना चुकला, तर दुसऱ्याचे वर्षभराचे श्रम वाया जाऊ शकतात. शिवाय परक्या माणसाने विश्वासाने सांगितलेले दुःख त्या कागदांत असते. ते गुप्त राखणे हे कर्तव्यच होय.

आता थोडा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. झोपेस ५६, तासिकांस १५ व घरच्या अभ्यासास ३० दिले, की उरतात ६७. तीन प्रयोगशाळांस प्रत्येकी १० दिले, की ३७. जेवणखाण, स्नान, जाणे-येणे यांस रोज ५ तास धरले, की हाती राहतात अवघे २! एखादा ताप आला, की सारा डोलारा कोसळतो. आणि ज्यास फीसाठी नोकरी करावी लागते, त्याने काय करावे? बिनपगारी कामाची ही वाट गरिबास अधिक खडतर आहे, हे आम्हांस मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कित्येक ठिकाणी या कामाबद्दल अभ्यासक्रमाचे गुण वा वेतन मिळते; त्याची चौकशी आधी करण्यात कमीपणा नाही.

अर्जासोबत बहुधा तीन शिफारसपत्रे लागतात. ज्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यास धावतपळत येताना पाहिले, ते ‘नियमित येत असे’ एवढेच लिहिणार. ज्यांनी त्यास वर्षभर जवळून पाहिले, ते त्याने कोणते प्रश्न विचारले, चूक झाली असता ती आपण होऊन कशी सांगितली, हेही लिहू शकतात. पुष्कळ ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरात संपते. म्हणून हा सहवास निदान वर्षभर आधी जोडावयास हवा.

आमचे मत असे की, एक प्रयोगशाळा मुख्य मानावी, फार तर दुसरी थोड्या तासांची घ्यावी. परीक्षेच्या तारखा दोन्हीकडे आरंभीच कळवाव्यात. काम सोडणे भागच पडले, तर हातचे काम पुरे करून, वेळेवर सांगून सोडावे.

आपल्यांतील काही मुले पुढे या वाटेने जातील. त्यांनी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही घरोघरची म्हण शिदोरीस बांधून न्यावी.