जुनी पेठ पुन्हा नांदती कशी होईल?

रायगड जिल्ह्यात, रोहा तालुक्यात नागोठणे हे गाव आहे. गाव अंबा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर मचवे आणि गलबते नागोठण्यापर्यंत येत. बंदर आले की वखारी येतात, दुकाने येतात, हमाल आणि गाडीवान येतात. अशी इथली पेठ वाढली. पुढे मोटारी आल्या, हमरस्ता झाला. माल रस्त्याने जाऊ लागला. बंदराचे जुने महत्त्व गेले.

नागोठण्याला एक जुना दगडी पूल आहे. चौलचे काझी अलाउद्दीन यांनी तो सुमारे १५८२ साली बांधला, अशी नोंद १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये आहे. आजच्या रायगड जिल्ह्याचे तेव्हाचे नाव कुलाबा. पूल झाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झाला नव्हता! पुलाची रुंदी दहा फुटांहून कमी आहे. त्या काळी पुलावरून पालख्या, घोडे, बैल आणि पायी चालणारी माणसे जात. तेवढी जागा त्यांना पुरे होती.

असा पूल, असा धक्का, अशी पेठ मोडकळीला आली तर काय करायचं? कोणी म्हणतो, "पाडा आणि नवं बांधा." कोणी म्हणतो, "कुंपण घाला आणि कुलूप लावा." आम्हाला दोन्ही पटत नाही. पाडलेली वस्तू परत येत नाही. आणि कुलूपबंद जागेत गवत वाढतं, कचरा साठतो. ज्या जागेत माणसांचा राबता असतो, तिची काळजी माणसेच घेतात.

म्हणून नदीकाठ साफ करावा. पायऱ्या सांध्याव्यात. झाडाला पार बांधावा, दिवा लावावा, पिण्याच्या पाण्याची सोय करावी. मग बाजाराला आलेली बाई तिथे घटकाभर टेकेल. म्हातारी माणसे गप्पा मारतील, मुले खेळतील. माणसे थांबली की चहावाल्याचा, भाजीवालीचा धंदा चालेल. जुन्या पेठेत पुन्हा जीव येईल.

दुरुस्ती मात्र समजून करावी. जुने दगडी काम चुन्यात केलेले असते. घाणीत मळलेला चुना पाणी थोडे आत घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांध्यात पिंपळ उगवला तर रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. मुळे जाड झाली की दगड फाकतात. पावसाळ्याआधी कमानींत अडकलेले ओंडके काढावेत. नाहीतर पाणी तुंबते आणि गावात शिरते. १९८९ च्या जुलैत अंबेला महापूर आला. वरच्या अंगाला जांभूळपाड्यात पुष्कळ माणसे दगावली. नदीकाठी मोकळी जागा ठेवली तर पुराला पसरायला वाव मिळतो, हे विसरू नये.

आता सर्वांत मोठी गोष्ट. सुधारलेली जागा कोणाची? आपल्याच जिल्ह्यातले महाडचे चवदार तळे आठवा. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि ते पाणी प्याले. पुढे खटला चालला. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आज ते तळे सर्वांच्या आदराचे स्थान आहे. जिथे एकालाही मज्जाव आहे, ती जागा सार्वजनिक कसली?

दुसरीही एक काळजी घ्यावी. जागा सुधारली की भाडी वाढतात, आणि जुन्या भाडेकरूला जावे लागते. इटलीत बोलोन्या नावाचे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने १९७० नंतरच्या काळात जुन्या वस्तीतली घरे दुरुस्त केली, आणि तिथल्या गरीब कुटुंबांना तिथेच राहता यावे असा बेत आखला. घरे राखायची आणि माणसे हाकलायची, हा न्याय नव्हे.

हे काम कोणी करायचं? जुन्या वास्तूंसाठी राज्याचे पुरातत्त्व खाते आहे, १९६० चा कायदा आहे. आपल्या संविधानात १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. वारसा जपणे हे त्यांतलेच एक. पण गाव करी ते राव न करी! पुढच्या ग्रामसभेला जा. बायकांनीही जावे. आपल्या गावातला जुना पूल, बारव, धक्का किंवा पार यांची यादी करा. तुम्हाला आता लिहिता येतं. ती यादी तुमच्याच हाताने लिहा, खाली सही करा, आणि ठराव झाल्यावर तो वाचूनही पाहा.