मातीची गढी, सोयरिकीचा पाया

डेन्व्हर सोडून आग्नेयेकडं निघालं, की रॉकी पर्वताच्या रांगा मागं पडत जातात आणि कोलोरॅडोचा फारसा कुणी न पाहिलेला भाग सुरू होतो. सपाट माळ, खुरटं गवत, मैलोन् मैल एखादंही झाड नाही. तीनेक तासांनी ला हुंता गाव लागतं. गावाच्या पूर्वेला साधारण आठ मैलांवर, आर्कान्सा नदीच्या उत्तर काठाला, मातीच्या भिंती आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरचे गोल बुरूज दिसू लागतात. मराठी माणसाला देशावरच्या एखाद्या गढीची आठवण व्हावी असंच ते रूप. ही गढी मात्र सरदाराची नव्हे, ती बांधली व्यापाऱ्यांनी. तिचं नाव ‘बेंट्स ओल्ड फोर्ट’.

नावात फोर्ट असला तरी तिथं पलटण नव्हती. १८३३ च्या सुमारास चार्ल्स आणि विल्यम हे बेंट बंधू आणि त्यांचा भागीदार सेरन सेंट व्रेन यांनी ती उभारली. ‘बेंट, सेंट व्रेन अँड कंपनी’ या पेढीचं हे मुख्य ठाणं होतं. मिसुरीहून सॅन्टा फेला जाणाऱ्या व्यापारी मार्गाची डोंगराकडून जाणारी वाट तिच्या दारातून जाई. त्या काळी आर्कान्सा नदी ही सरहद्द होती. अलीकडं अमेरिका, पलीकडं मेक्सिको आणि दोन्हीकडच्या माळावर खरी सत्ता शायेन, अरापाहो, कायोवा आणि कोमांची लोकांची. अशा ठिकाणी चार परक्यांना दुकान थाटून सोळा वर्षं टिकता आलं, याचं कारण भिंतींच्या जाडीपेक्षा धाकट्या भावाच्या संसारात शोधावं लागतं.

चौकातला कारभार

बेंट हे सेंट लुईसचं घराणं. वडील सायलस बेंट सरकारी भूमापनाच्या कामासाठी तिथं आले आणि पुढं न्यायाधीश झाले. घरात अकरा मुलं. थोरला चार्ल्स १७९९ चा, विल्यम १८०९ चा. दोघांनीही कोर्टकचेरीची वाट सोडून फरच्या धंद्यात उडी घेतली. आधी मोल होतं ते बीव्हरच्या कातड्याला, कारण युरोपातल्या टोप्या त्याच्या होत्या. पुढं रेशमी टोप्यांची चलती झाली, बीव्हर मागं पडला आणि बाजाराची नजर माळावरच्या बायसनकडं वळली. केसांसकट कमावलेलं बायसनचं कातडं थंडीच्या दिवसांत घोडागाडीत पांघरायला पूर्वेकडच्या शहरांत हातोहात खपे. बेंट बंधूंनी हा बदल वेळेवर ओळखला.

गढी बांधायला न्यू मेक्सिकोतून गवंडी आणले. मातीत लोकर मिसळून पाडलेल्या उन्हात वाळवलेल्या विटा, त्यावर मातीचाच गिलावा, माळवदावर माती. मोठ्या दरवाजातून आत गेलं, की मधोमध चौक आणि चारी बाजूंनी खोल्या. चौकात कातड्यांचे गठ्ठे आवळून बांधायचा लाकडी दाब होता. भोवती लोहारखाना, सुतारखाना, कोठारं, स्वयंपाकघर, भोजनाची मोठी खोली. मागच्या बाजूला जनावरांचा गोठा, आणि चोरांनी भिंत ओलांडू नये म्हणून तिच्या माथ्यावर लावलेला निवडुंग. वरच्या मजल्यावर चक्क बिलियर्डचं टेबल होतं. कित्येक मैलांत दुसरं पक्कं घर नसताना पाहुण्यांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं असेल!

या चौकात इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच आणि शायेन भाषा कानावर पडत. मेक्सिकन मजूर, फ्रेंच वंशाचे शिकारी, मिसुरीचे गाडीवान असा सगळा मेळा. गढीला मांस पुरवायला काही काळ पुढं वाटाड्या म्हणून गाजलेला किट कार्सन नोकरीला होता. स्वयंपाकघर शार्लट ग्रीनच्या हाती. तिच्या हातच्या जेवणाची आठवण अनेक प्रवाशांनी ठेवली आहे. ती, तिचा नवरा डिक आणि अँड्र्यू ग्रीन हे बेंट कुटुंबाचे गुलाम होते. सरहद्दीवरच्या मोकळ्या जगाच्या कहाण्यांत ही गोष्ट सहसा मागं ढकलली जाते, पण गढीचा चुलाच गुलामाच्या श्रमावर पेटत होता.

शायेनांचा जावई

१८३५ च्या सुमारास विल्यमनं आऊल वूमनशी लग्न केलं. शायेन भाषेत तिचं नाव मिस्तांता. तिचे वडील व्हाइट थंडर हे जमातीच्या पवित्र बाणांचे रक्षक, म्हणजे शायेनांमधले अत्यंत मानाचे पुरुष. शायेन रीतीप्रमाणे लग्नानंतर नवरा बायकोच्या माहेरच्या वस्तीत राहायला जातो. त्यामुळं विल्यमचं एक घर गढीत आणि दुसरं सासरच्या तंबूत. पुढं त्याच रीतीला धरून मिस्तांताच्या बहिणी यलो वूमन आणि आयलंड याही त्याच्या बायका झाल्या.

या सोयरिकीत प्रेम किती आणि हिशेब किती, हे वेगळं काढता येत नाही आणि त्या काळच्या माळावर ते वेगळं मानलंही जात नसावं. ज्या माणसाशी नातं नाही त्याच्याशी शायेन व्यवहार बेताचाच करत. जावई झाला की मात्र त्याचा शब्द घरचा. शिवाय धंद्याचा खरा माल बायकांच्या हातून येई. बायसन मारायचा पुरुषांनी, पण कातडं खरवडून, मेंदूचा लेप चोळून, मऊ होईपर्यंत कमावण्याचं कित्येक दिवसांचं काम बायकांचं. गढीतून बैलगाड्या भरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यामागं कुणा मिस्तांताचे खांदे दुखलेले होते. बदल्यात मणी, कापड, पितळी भांडी, सुऱ्या, बंदुका, कॉफी आणि साखर मिळे.

कुटुंबात सांगितली जाणारी एक हकिकत बोलकी आहे. एकदा विल्यमचा घसा इतका सुजला, की घास उतरेना. मिस्तांता पोकळ पिसाच्या नळीतून त्याला रस्सा पाजत राहिली. शेवटी एका शायेन वैदूनं काटेरी गोखरू जनावराच्या स्नायूच्या दोऱ्यात ओवले, त्यांना चरबी माखली, काडीनं घशात ढकलले आणि ओढून बाहेर काढले. घसा मोकळा झाला. अमेरिकी व्यापाऱ्याचा जीव वाचवला तो त्याच्या सासरच्या माणसांनी.

विल्यमच्या मुलांची नावंही दोन्ही घरं जोडून ठेवणारी. मिस्तांतापासून मेरी, रॉबर्ट, जॉर्ज आणि ज्युलिया, यलो वूमनपासून चार्ली. तिन्ही मुलगे काकांच्या नावाचे. मुलं तंबूत शायेन बोलत, गढीत इंग्रजी, आणि थोडी मोठी झाल्यावर शिकायला मिसुरीला पाठवली जात.

सरहद्द सरकली

१८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटलं. अमेरिकेच्या जनरल कर्नीची फौज गढीभोवती जमली आणि तिथून न्यू मेक्सिकोवर चालून गेली. त्याच उन्हाळ्यात सुझन मॅगॉफिन ही नवविवाहिता व्यापारी नवऱ्याबरोबर तिथं उतरली होती. एकोणिसावा वाढदिवस नुकताच झालेला आणि गढीतच तिचा गर्भपात झाला. तिच्या रोजनिशीत चौकातला गोंगाट, धूळ आणि सैनिकांची गर्दी तपशिलानं आली आहे.

युद्ध बेंटांच्या फायद्याचं वाटत होतं. चार्ल्सला न्यू मेक्सिकोचा पहिला अमेरिकी गव्हर्नर नेमलं गेलं. पण १९ जानेवारी १८४७ रोजी ताओसमध्ये अमेरिकी राजवटीविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी त्याला त्याच्याच घरात ठार केलं. बायको इग्नासिया आणि घरातल्या बायकामुलांनी मातीची भिंत पोखरून शेजारच्या घरात जाण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्या वाचल्या. त्या बंडाविरुद्धच्या लढाईत दाखवलेल्या शौर्याबद्दल डिक ग्रीनला गुलामीतून मुक्त करण्यात आलं. त्याच सुमारास ज्युलियाच्या जन्मानंतर मिस्तांताही गेली. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्यांबरोबर पटकी आली आणि दक्षिणेकडच्या शायेनांपैकी जवळजवळ अर्धे लोक दगावले. गाड्यांच्या रांगांनी नदीकाठचं गवत संपवलं, झाडं जळणाला गेली, बायसन दूर सरकले. त्याच वर्षी विल्यमनं गढी सोडली. जाताना त्यानं ती दारू ठासून उडवली, अशी कथा रंगवून सांगतात. पण पुढं तिच्याच उरलेल्या खोल्या डागडुजी करून टपालगाड्यांचं ठाणं झाल्या, तेव्हा सारं काही उडालं नव्हतं हे उघड आहे.

विल्यमनं १८५३ मध्ये नदीच्या प्रवाहाबरोबर अडतीसेक मैल खाली दगडी ठाणं बांधलं. १८६० मध्ये ते सैन्याकडं गेलं आणि तिथं फोर्ट लायन ही छावणी वसली. मधल्या काळात सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्यानं वरिष्ठांना लिहून कळवलं होतं, की खाणकामगारांच्या लोंढ्यांमध्ये कोंडलेले माळावरच्या जमातींचे लोक उपाशी मरतील किंवा लढतील. त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

एकाच घराच्या अनेक वाटा

२९ नोव्हेंबर १८६४. कर्नल चिव्हिंग्टन फोर्ट लायनहून पावणेसातशे सैनिक घेऊन निघाला आणि पहाटे सँड क्रीकच्या काठी शायेन पुढारी ब्लॅक केटलच्या वस्तीवर तुटून पडला. वस्तीवर अमेरिकेचा झेंडा आणि पांढरं निशाण होतं. ऑगस्टमध्येच ब्लॅक केटलनं तहाची तयारी कळवणारी पत्रं पाठवली होती, आणि ती लिहून देणाऱ्यांपैकी एक होता विल्यमचाच मुलगा जॉर्ज. तरीही सुमारे २३० माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे.

त्या दिवशी बेंट कुटुंब कुठं होतं? थोरल्या रॉबर्टला सैन्यानं धाक दाखवून वाटाड्या म्हणून पुढं घातलं होतं. जॉर्ज, चार्ली आणि ज्युलिया वस्तीत होते. जॉर्जच्या कमरेत गोळी शिरली, चार्ली सैनिकांच्या हाती सापडला, पण दोघंही वाचले. विल्यमनं कुणाला सावध करू नये म्हणून त्याच्या घरावर पहारा बसवला होता. ज्या ठाण्याची जागा त्यानं निवडली, तिथूनच त्याच्या सासरच्या माणसांवर फौज गेली.

पुढं जॉर्ज आणि चार्ली शायेन योद्ध्यांबरोबर सूडाच्या लढायांत उतरले. यलो वूमनला १८६५ मध्ये सैन्याच्या पॉनी जमातीच्या वाटाड्यांनी मारलं. चार्ली बापापासून कायमचा तुटला आणि १८६८ मध्ये मेला. रॉबर्टनं आणि विल्यमनं हत्याकांडाच्या सरकारी चौकशीत साक्षी दिल्या. मे १८६९ मध्ये विल्यम वारला आणि लास ॲनिमस गावात त्याचं दफन झालं. जॉर्ज मात्र १९१८ पर्यंत जगला. म्हातारपणी त्यानं जॉर्ज हाइड या अभ्यासकाला लिहिलेल्या शेकडो पत्रांतून शायेनांच्या बाजूचा इतिहास टिकला. त्यावर आधारलेलं पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आजची गढी

आपण आज पाहतो ती वास्तू मूळ नव्हे. जुन्या भिंती कधीच मातीला मिळाल्या होत्या. १८४६ मध्ये लेफ्टनंट जेम्स एबर्ट हा सैन्याचा आरेखक आजारपणामुळं गढीत अडकून पडला. त्या मुक्कामात त्यानं तिची मोजमापं आणि चित्रं काढून ठेवली. ती चित्रं आणि उत्खननात सापडलेला पाया यांवरून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेनं १९७६ मध्ये गढी पुन्हा उभी केली. पुनर्बांधणी असूनही तिला खोटेपणा चिकटलेला नाही. मातीचं बांधकाम असल्यानं डागडुजी सतत चालू असते आणि लोहारखान्यात भाता फुंकणारा कारागीर खरोखरच खिळे घडवतो.

फक्त गढी पाहून परतलात, तर व्यापारी भरभराटीची गोड गोष्ट पदरात पडेल. त्याच सहलीत उत्तरेकडं ईड्स गावाजवळचं सँड क्रीक हत्याकांड स्मारकही जरूर पाहावं. गढीत शेजार कसा जुळला ते दिसतं, सँड क्रीकला तो कुणी आणि कसा मोडला ते. बेंट घराण्याचं चरित्र या दोन ठिकाणांत मिळून पुरं होतं.

कसे जाल? डेन्व्हरहून मोटारीनं ला हुंता सुमारे २९० किलोमीटर. शिकागो ते लॉस एंजेलिस धावणारी ‘साउथवेस्ट चीफ’ रेल्वेगाडीही ला हुंताला थांबते, मात्र स्टेशनपासून पुढं स्वतःची गाडी हवी. गढीत मजबुतीच्या आणि दुरुस्तीच्या कामांमुळं काही भाग अधूनमधून बंद असतात, म्हणून निघण्याआधी उद्यान सेवेकडं चौकशी करावी. उन्हाळ्यात माळावर सावली नाही. टोपी आणि भरपूर पाणी जवळ ठेवावं. लास ॲनिमसजवळचं बॉग्सव्हिल हे १८६६ चं गाव वाटेवरच आहे, तिथंही तासभर थांबता येईल.