सोमवारचं जर्नल

सकाळी आठ. लोकलमध्ये बसायला मिळालं की मोबाइलवर ट्रेडमार्क जर्नल उघडायचं, हा माझा सोमवारचा नेम. जर्नल दर सोमवारी निघतं. त्यात छापलेल्या नावाला हरकत घ्यायला चार महिने मिळतात, पुढे एक दिवसही नाही.

साडेनऊ. फोर्टमधलं ऑफिस. जिनिव्हामार्गे आलेली परदेशी नावं आधी चाळते. 8 जुलै 2013 ला माद्रिद प्रोटोकॉल आपल्याकडे लागू झाला. तोवर परदेशी कंपनीला भारतासाठी वेगळा अर्ज करावा लागे, इथला वकील गाठावा लागे, मुखत्यारपत्र पाठवावं लागे. आता ती आपल्याच देशात एक अर्ज भरते आणि देशांच्या यादीत भारत निवडते. रजिस्ट्रीनं आक्षेप काढला तरच आमचा फोन वाजतो. म्हणजे नाव दारात येईपर्यंत इथे कुणाला पत्ता नसतो. एकूण अर्जांत दहात नऊहून अधिक देशातल्यांचेच असतात, हे खरं. पण छोट्या माणसाला धडकी भरते ती त्या उरलेल्यांची.

अकरा. क्लास 30, म्हणजे चहा, बिस्किटं, मसाले. एका नावावर थबकले. मोठ्यानं वाचलं. सांगलीकडच्या आमच्या काकांच्या मसाल्याचं नाव! स्पेलिंग निराळं, कानाला तेच.

लगेच फोन लावला.

"ताई, आपली तर नोंदणीच नाही. एवढ्या मोठ्या कंपनीपुढं आपलं कोण ऐकणार?"

"ऐकतील, काका. त्यांचा इथला वापर किंवा नोंदणी, यांत जे आधीचं असेल, त्याच्याही आधीपासून तुम्ही सलग विकताय ना? कलम 34 त्याचसाठी आहे. जुनी बिलबुकं शोधा."

दीड. डबा उघडला तोच फोटो आला. 1996 चं बिल, कार्बनची प्रत. निळी अक्षरं विटलेली, कोपऱ्यात हळदीचा डाग, पाच आकडी फोन नंबर. वर रबरी शिक्क्यातलं नाव मात्र स्वच्छ. चपाती हातातच राहिली.

तीन. नोटिशीचा मसुदा. सुप्रीम कोर्टाचा 14 डिसेंबर 2017 चा प्रियस निकाल पुन्हा वाचला. टोयोटाची ती गाडी जपानात 1997 लाच आलेली. पण इथल्या कंपनीनं 2001 मध्ये नाव वापरायला घेतलं तेव्हा भारतात त्या गाडीची ओळख पुरेशी रुजलेली नव्हती, म्हणून टोयोटा हरली. जगभर गाजलेलं नाव इथेही गाजलेलं होतं, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. प्रत्येक लहान उत्पादकाला हा निकाल तोंडपाठ हवा, असं मला मनापासून वाटतं.

सहा. हरकतीची ऑनलाइन फी 2,700 रुपये. काकांचा स्वतःचा अर्जही सोबतच करायचा. लघुउद्योगाचं प्रमाणपत्र असल्यानं तो 4,500 मध्ये होईल. वापराच्या रकान्यात 1996 घातलं.

रात्री नऊ. काकांचा मेसेज: "माळ्यावर 1993 चं बुक सापडलं. वाळवी लागलीय, पण चार पानं शाबूत आहेत."

सकाळी पहिल्यांदा तारीख बदलायची.